एका तोळ्याची गोळी

दिवाळी अंकात बंदुकीच्या गोळीवर लेख पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. फराळाच्या ताटात कारले वाढावे, तसे त्यांना वाटेल. पण इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. लढाई कोणी जिंकली, तह कोठे झाला, हे तो मुलांकडून घोकून घेतो खरा. त्याचे स्वतःचे मन मात्र घोड्याला चंदी किती लागे आणि तोफेला दारू कोठून येई, असल्या बारीकसारीक गोष्टींतच रमते. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. एका कादंबरीतल्या शिकाऱ्यासाठी बंदुकीची माहिती जमवू लागलो. शिकारी कादंबरीत राहिला. मी मात्र गोळीत अडकलो.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण बोलताना सबंध काडतुसालाच गोळी म्हणतो. वस्तुतः काडतुसाचे चार अवयव असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी व दारू जळून जाते, गोळी निघून जाते, आणि सर्वांत महाग अवयव जो पुंगळी, तो हातात उरतो. ही पुंगळी पुन्हा भरून वापरण्याचा छंद अमेरिकेत लाखो लोकांना आहे. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. तिकडे मात्र लोक घरच्या टेबलावर हे काम करतात आणि त्यासाठी गोळ्या हजारांच्या हिशेबाने विकत आणतात. साहजिकच त्यांच्यापुढे आपल्या गृहिणीचाच प्रश्न उभा राहतो. स्वस्त मिळाले खरे, पण माल कसा आहे?

वजनाची कल्पना यावी म्हणून सांगतो. इंग्रजी पद्धतीत गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. इंग्रजांच्या अमदानीत आपल्याकडे जो तोळा ठरवला गेला, तो बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ती गोष्ट निराळी. आणि अमेरिकन शिकाऱ्याची ०.३०८ इंच व्यासाची एक आवडती गोळीही नेमकी १८० ग्रेनचीच असते. एक जुना तोळा! सोन्याचा तोळा पारखायला कसोटीचा दगड आहे. या तांब्या-शिशाच्या तोळ्याची कसोटी कोणती, हे कळायला माणसाला दीडदोनशे वर्षे लागली.

१७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येवर ग्रंथ लिहिला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारायची, लंबक किती मागे गेला ते मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही युक्ती त्याचीच. त्या काळची गोळी म्हणजे शिशाचा गोटा. बंदूक झटपट भरता यावी म्हणून तो नळीपेक्षा लहान ओतीत. इंग्रज शिपायाच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी सुमारे ०.७५ इंचाची, तर गोळी ०.६९ च्या आसपास. नळीतून ठेचकाळत निघालेला हा गोटा बाहेर पडताना वाटेल तसा गरगरे. गोळी वाट सोडते ती या गरगरण्यामुळे, हे रॉबिन्सने दाखवून दिले. त्याने बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली. गोळी आधी डावीकडे निघाली आणि मग हवेतच उजवीकडे वळली! उपाय एकच होता. नळीला आतून पेच पाडायचे आणि गोळीला बेशिस्त गरगरण्याऐवजी शिस्तीची गिरकी द्यायची. हा बुद्धिमान माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ले बांधायला आपल्या देशात आला आणि १७५१ साली मद्रास किनाऱ्यावर कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

पेचदार नळीत घट्ट गोळी ठासायला वेळ लागे. ती अडचण १८४९ साली मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीने दूर केली. तिच्या बुडाशी पोकळी होती. भरताना ती सैल जाई आणि बार होताच बूड फुगून पेचांत घट्ट बसे. अशाच फुगणाऱ्या गोळीची एनफील्ड रायफल हिंदुस्थानात आली. १८५७ च्या भडक्याला जे काडतूस निमित्त झाले ते तिचेच. शिपायांची तक्रार गोळीबद्दल नव्हती, कागदाला लावलेल्या चरबीबद्दल होती, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर गोळ्या ओतण्याऐवजी यंत्रात दाबून घडवण्याचे दिवस आले. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच काळातला. गोळी स्वस्त झाली ती तेव्हा. आणि गोळ्या एकसारख्या आहेत का, हा प्रश्नही तेव्हाच जन्मला. हाताने चार गोळ्या ओतणारा माणूस चारही पाहून घेतो. लाख गोळ्या कोण पाहणार?

पुंगळी पुन्हा भरण्याची कलाही त्याच पिढीतली. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या माळरानावर गव्यांची बेसुमार कत्तल करणारे शिकारी मुक्कामावर शेकोटीपाशी शिसे वितळवून गोळ्या ओतीत आणि पुंगळ्या भरीत. १८८४ साली जॉन बार्लो याने या कामासाठी चिमट्यासारखी अवजारे करून विकायला सुरुवात केली, आणि शिकाऱ्याची गरज हा गृहस्थाचा छंद झाला.

गोळीची खरी परीक्षा घेतली ती मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान या गृहस्थाने. शिक्षणाने हा डॉक्टर. पण नाडी धरण्यापेक्षा नेम धरण्यातच त्याचे आयुष्य गेले. माणसाचा हात हलतो, म्हणून त्याने नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर बसवली आणि मग एकेक दोष मुद्दाम करून पाहिला. काही गोळ्यांची टोके ठेचली, काहींची बुडे कापली. लोकांची समजूत अशी की टोक हवा कापते, तेव्हा टोक बिघडले तर नेम बिघडणार. मानला आढळले ते उलटेच. टोक ठेचलेल्या गोळ्या बऱ्याच अंशी निशाणावर गेल्या. बूड तिरके झालेल्या मात्र भरकटल्या. कारण सोपे आहे. नळीतून सर्वांत शेवटी बाहेर पडते ते बूड. ते तिरके असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि निरोपाच्या क्षणीच गोळीला धक्का देतो. हे सारे त्याने १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळीचे तोंड पाहू नका, बूड पाहा, हा त्यातला धडा आजही खरा आहे.

दरम्यान बिनधुराची दारू आली, वेग वाढला, उघडे शिसे नळीत टिकेना, म्हणून त्यावर धातूचे कवच आले. अमेरिकेत ते तांबे-निकेलचे होते आणि त्याचे कण नळीत चिकटून बसत. त्यावर उपाय म्हणून १९२१ च्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी सरकारी कारखान्याने गोळ्यांना कथलाचा मुलामा दिला. नळी स्वच्छ राहू लागली, सर्व खूश. पण जुन्या सवयीने काही नेमबाज गोळीला ग्रीस फासू लागले, तसा नळीतला दाब धोक्याच्या पातळीवर चढू लागला. ग्रीसला सक्त मनाई झाली. मागाहून आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पडून राहिलेल्या काडतुसांत मुलाम्याचे कथील पुंगळीच्या पितळेशी जणू झाळले गेले होते. काही गोळ्या उपटून काढायला शेकडो पौंडांचा जोर लागला! लौकरच तांब्यात थोडे जस्त मिसळलेले कवच आले आणि प्रश्न मिटला. बाहेरून चकचकीत दिसणारी, निशाणावर उत्तम जाणारी गोळीही पोटात संकट बाळगू शकते, हे या प्रकरणाने शिकवले. येथे चूक झाली तर नुसता पैसा जात नाही, डोळा जातो.

यानंतरचा अध्याय मला सर्वांत आवडतो, कारण तो गरिबीतून उगवला आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे, पितळ, शिसे सारे सैन्याकडे गेले आणि छांदिष्टांना गोळी मिळेना. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन या तरुणाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. ०.२२ च्या लहान बंदुकीच्या उडालेल्या पुंगळ्या कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. त्या पुन्हा भरता येत नाहीत. हंटिंग्टनने त्यांची कड दाबून सपाट केली, आत शिशाच्या तारेचा तुकडा घातला आणि साच्यात दाबून कवचबंद गोळी तयार केली. केरातून कस्तुरी! रॉकचक हा खडकांत बिळे करून राहणारा, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा प्राणी. त्याच्या शिकारीसाठी ही गोळी, म्हणून साच्याला त्याचेच नाव मिळाले आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'आरसीबीएस' ही कंपनी उभी राहिली. तिकडे नेब्रास्कात व्हर्नन स्पीअर आणि जॉइस हॉर्नडी (नाव बायकी वाटले तरी हा पुरुष) यांनीही फेकलेल्या पुंगळ्यांपासूनच गोळ्या केल्या. पुढे दोघांनी वेगळे कारखाने काढले. हॉर्नडीचा १९४९ सालचा. आज ही नावे प्रतिष्ठित मालाची म्हणून घेतली जातात. त्यांची सुरुवात मात्र कचऱ्यातून झाली आहे.

युद्ध संपल्यावर उलटी लाट आली. सैन्याची शिल्लक काडतुसे फोडून त्यांतल्या गोळ्या ढिगाने, स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशा ढिगात जाणता माणूस आधी टोकाचा रंग पाही. काळे टोक म्हणजे चिलखत भेदणारी, तांबडे म्हणजे उजेडाची रेघ ओढत जाणारी, निळे म्हणजे आग लावणारी. ती बाजूला काढायची. उरलेल्यांवर उपटताना पडलेले ओरखडे आणि पुंगळीच्या गळ्यातले काळे डांबर असे. पण मानचा धडा येथे कामी येतो. ओरखडा चालेल, बूड वाकडे चालणार नाही.

मग तराजू. येथे मला माझा वर्गच आठवतो. दोन तुकड्यांची सरासरी ५० गुण. एकीतली सारी मुले ४८ ते ५२ च्या दरम्यान. दुसरीत काही ९० ची, काही १० ची. सरासरी सारखी, तुकड्या किती निराळ्या! गोळ्यांचेही तसेच आहे. पिशवीतून वरच्या चार न घेता मिसळून पन्नास घ्याव्यात, एकेक तोलावी, आणि सरासरीकडे न पाहता सर्वांत हलकी व सर्वांत जड यांतले अंतर पाहावे.

तराजूला न दिसणारा दोष कवचाचा असतो. ते एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असले तर वजन बरोबर भरते, पण गोळीचा गुरुत्वमध्य सरकतो. मुलांनी भुईचक्र लावलेले आठवा. वेटोळे एकीकडे सैल असेल तर ते जागेवर न फिरता अंगणभर पळते. आता गोळीचे गणित करा. दहा इंचांत एक फेरा देणारे पेच आणि सेकंदाला २,७०० फूट वेग, म्हणजे सेकंदाला ३,२४० गिरक्या! या गिरकीत केसाएवढी खोटही लपत नाही. म्हणून गोळी मापकाखाली हळूहळू फिरवून काटा किती हलतो, ते पाहतात.

शेवटची परीक्षा निशाणाची, आणि माणूस स्वतःला फसवतो तो येथे. तीन गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या गेल्या की तो त्याच कागदाची चौकट करून भिंतीवर टांगतो. पण तीन गोळ्या जवळ पडणे हे पुष्कळदा नशिबाचे काम असते. निदान दहा-दहांचे गट हवेत, तेही एकाहून अधिक. बंदूक तीच, दारू तीच, टोपी तीच. बदलायची ती फक्त गोळी. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, एक गट स्वस्त गोळीचा आणि एक नावाजलेल्या गोळीचा, असे आलटून पालटून मारावेत. आणि भरकटलेली एखादी गोळी 'माझा हात हलला' म्हणून वगळू नये. वर्गातले नापास मूल निकालातून वगळता येते का? मग किमतीचा हिशेब. शंभरांतल्या वीस फेकाव्या लागल्या तर ती किंमत शंभरांची नव्हे, ऐंशींची.

एवढे सारे करून स्वस्त गोळी उतरली, तर कागदावरच्या निशाणासाठी ती खुशाल वापरावी. पण शिकारीचा प्रश्न आला की कसोटीच बदलते. १९४६ साली जॉन नॉस्लर हा शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या मागे होता. मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. वेगवान गोळ्या त्या थरावर व कातड्यावर आपटून तिथेच फुटल्या, आतवर गेल्याच नाहीत. नेम चुकला नव्हता. गोळी चुकली होती. यातून नॉस्लरने मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी घडवली. पुढचा भाग उमलतो, मागचा अभंग राहून आत जातो. १९४८ साली ती बाजारात आली. उलटपक्षी सैन्याची कवचबंद गोळी मुळीच उमलत नाही. ती जनावराच्या आरपार निघून जाते आणि ते रक्त सांडत रानात दूर जाऊन तडफडत मरते. तेथे वाचवलेल्या पैशांची भरपाई शिकारी करत नाही, ते मुके जनावर करते. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी अशा गोळीने मोठी शिकार करण्यास बंदी घातली आहे, ती उगीच नव्हे.

म्हणून स्वस्त गोळी चांगली की वाईट, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. आधी विचारायचे, कशासाठी? मग पाहायचे, सगळ्या सारख्या आहेत का? हंटिंग्टनची गोळी केरातली होती, पण साचा नीट होता. १९२१ ची गोळी सरकारी कारखान्यातली होती, तरी ती घात करायला निघाली. भाव दुकानदार सांगतो. पारख ज्याची त्याने, आपल्या तराजूवर आणि आपल्या डोळ्यांनी करायची असते.