इंदूर : सराफ्याच्या हुंडणावळीपासून बँकेच्या दंडापर्यंत

रक्कम पाठवण्याचे, बदलून देण्याचे आणि उसनी देण्याचे मोल इंदूरच्या बाजारात बँका येण्याच्या कितीतरी आधीपासून घेतले जात होते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरमार्गे मुंबईला जाई आणि तिचे पैसे हुंड्यांवर, म्हणजे दुसऱ्या गावी रक्कम देण्याच्या लेखी चिठ्ठ्यांवर, फिरत. राजवाड्याजवळच्या सराफ्यातील पेढी मुंबईवर हुंडी करून देताना हुंडणावळ घेई आणि एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्यात बदलून देताना बट्टा कापी. अफूचा हंगाम आणि मुंबईच्या पैशाची मागणी यांप्रमाणे हे दर वरखाली होत. बाजारात रोज ऊठबस असणाऱ्या व्यापाऱ्याला दिवसाचा भाव ठाऊक असे. खेड्यातून आलेल्या कुळाला तो पेढीवर गेल्यावरच कळे.

जास्तीची कापलेली रक्कम परत मागायची तर वह्या जुळवून पाहाव्या लागत. दोन व्यापाऱ्यांचा तंटा मिटला नाही, तर तो इंदूरच्या ‘अकरा पंच’ या सावकारांच्या मंडळापुढे जाई. होळकर दरबाराने मान्यता दिलेले हे मंडळ व्यापारी व्यवहारांचे निवाडे करी. पंच स्वतः पेढीवाले असल्याने त्या दिवशीचा भाव काय होता, हे त्यांना बाहेरच्या कोणाला विचारावे लागत नसे. मात्र कर्जदार शेतकऱ्याला त्या मंडळात स्थान नव्हते. कर्जदाराच्या बाजूचा जुना नियम दामदुपटीचा : थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता येत नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८ च्या कायद्याने जाचक व्याजाचा व्यवहार पुन्हा उघडून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

१९२० मध्ये महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या सनदेने ‘बँक ऑफ इंदूर’ स्थापन झाली. १ जानेवारी १९६० पासून ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक होऊन ‘स्टेट बँक ऑफ इंदूर’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २६ ऑगस्ट २०१० रोजी मूळ स्टेट बँकेत विलीन झाली. या काळाच्या मोठ्या भागात सेवाशुल्काचे मापदंड इंडियन बँक्स असोसिएशन आपल्या सभासद बँकांसाठी ठरवत असे. बँकेगणिक दरांत फारसा फरक नसल्याने अमुक बँकेने जास्त घेतले, अशा तक्रारीलाही फारसा वाव नव्हता. त्यातच १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात कलम २१-अ आले. व्याजदर जाचक आहे, एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला उघडता येणार नाही, असे त्याने ठरवले. सावकाराविरुद्ध मिळालेले संरक्षण बँकेच्या कर्जदाराला या बाबतीत उरले नाही.

१९९० च्या दशकात दोन बदल झाले. जून १९९५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग लोकपाल योजना आणली. बँकेविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या या लोकपालाचे कार्यालय इंदूरच्या खातेदारासाठी भोपाळला होते. सप्टेंबर १९९९ मध्ये सेवाशुल्क ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला मिळाले. मग चेकबुक, किमान शिल्लक, मुदतपूर्व कर्जफेड अशी शुल्कांची यादी वाढत गेली. २००६ मध्ये एन. सदाशिवन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने या शुल्कांच्या वाजवीपणाचा विचार केला. त्याच वर्षी लागू झालेल्या सुधारित लोकपाल योजनेत, ग्राहकाला पुरेशी पूर्वसूचना न देता शुल्क आकारणे हे तक्रारीचे स्वतंत्र कारण म्हणून नोंदले गेले. परताव्याचा आधार त्यामुळे स्पष्ट झाला : शुल्क किती, यापेक्षा ते आधी कळवले होते का, हा प्रश्न निर्णायक ठरला.

रिझर्व्ह बँकेच्या पुढच्या नियमांनी काही शुल्कांना थेट बंधन घातले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड २०१२ मध्ये बंद झाला. नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार किमान शिल्लक घटल्यास बँकेने आधी कळवावे, एक महिन्याची मुदत द्यावी, तुटीच्या प्रमाणातच दंड घ्यावा आणि निव्वळ त्या दंडामुळे खाते उणे शिलकीत नेऊ नये, असे ठरले. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेने हा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे १,७७१ कोटी रुपये वसूल केले. माळव्यातील नीमचच्या एका कार्यकर्त्याने माहिती अधिकारात मागवलेल्या उत्तरातून, किमान शिल्लक नसल्यामुळे बंद झालेल्या ४१ लाखांहून अधिक खात्यांची माहिती बाहेर आली. १ एप्रिल २०१८ पासून बँकेने दंड बराच कमी केला आणि मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील किमान शिलकीची अट काढून टाकली.

एकट्या खातेदाराचा मार्ग आता ठरलेला आहे. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर ठरलेल्या मुदतीत लोकपालाकडे जायचे. नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने देशभरातील लेखी तक्रारींसाठी चंदीगडला एकच केंद्र नेमले. येथे फी नाही आणि वकिलामार्फत तक्रार करता येत नाही. वकील नसलेला प्रतिनिधी चालतो. ग्राहक आयोगात वकील देता येतो, पण तो सक्तीचा नाही. तिथली मुदत दोन वर्षांची असते. आयोगात प्रकरण चालू असेल, तर त्याच बाबीसाठी लोकपालाची दारे बंद राहतात.

शुल्काच्या आकारावरचा वाद मात्र बहुतेक बँकांच्या बाजूने सुटला आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न कळवलेले किंवा नियमाबाहेरचे शुल्क परत मागण्याचा हक्क त्यानंतरही कायम आहे.