दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पुण्याची पद्धत

मंचराहून पुण्यास जाणाऱ्या नाशिक रस्त्यानें आजवर किती रोगी गेले असतील, याची गणती कोणीं ठेवलेली नाहीं. आंबेगांव-जुन्नरच्या खेड्यांतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका घेऊन निघालेल्या बाईस बहुधा तोच रस्ता धरावा लागतो. मंचरास उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु या रोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेस लागणारा कसलेला हात लहान गांवीं सहसा मिळत नाहीं. तो हात तयार कसा होतो, हाच या इतिहासांतला खरा प्रश्न आहे.

ही शस्त्रक्रिया मूळची व्हिएन्ना शहरची. १८९८ सालीं एर्न्स्ट वेर्टहाइम यांनीं पोट उघडून गर्भाशय, त्याच्या भोंवतालचा भाग आणि रसग्रंथि काढण्याची रीत घातली. आरंभीं तींत पुष्कळ स्त्रिया दगावत. गर्भाशयाच्या रोहिणीखालून मूत्रवाहिनी जाते. ती नाजूक नळी न दुखवितां मोकळी करणें हें या कामांतलें सर्वांत अवघड अंग होय.

पोट न फाडतां आंत पाहण्याची कल्पनाहि फार नवी नव्हे. १९०१ सालीं जर्मनीच्या केलिंग यांनीं कुत्र्याच्या पोटांत दुर्बीण घालून पाहिलें व १९१० सालीं स्वीडनच्या याकोबेउस यांनीं माणसाच्या. पण पाहणें निराळें आणि कापणें निराळें! १९८० सालीं कील येथील कुर्ट सेम यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें आंत्रपुच्छ काढलें, तेव्हां त्यांच्याच देशांतील शल्यचिकित्सकांनीं त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. आपल्याकडे मुंबईचे डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून ही दुर्बीण वापरीत होते. १९९० सालीं त्यांनीं जे. जे. रुग्णालयांत तिच्या साह्यानें पित्ताशय काढलें. २०२३ सालीं ते निवर्तले.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंत हें तंत्र आणून त्याची शिस्त बसविण्याचें मोठें काम पुण्यांत झालें. डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनीं आपल्या गॅलॅक्सी केअर या संस्थेंत वेर्टहाइम यांची शस्त्रक्रिया लहान छिद्रांतून करण्यास आरंभ केला आणि २००७ सालीं २४८ स्त्रियांवरील अनुभव अमेरिकेंतील नियतकालिकांत प्रसिद्ध केला. शीर्षकांतच 'पुणें पद्धत' असे शब्द होते. तींत शस्त्रक्रियेस लागणारा मध्यम काळ ९२ मिनिटें आणि रुग्णालयांतील मुक्काम तीन दिवस असा होता. पोटावरील मोठा व्रण भरून येईतों अंथरुणाला खिळणाऱ्या, मागें लहान मुलें व शेताचीं कामें सोडून आलेल्या बाईला या तीन दिवसांचें मोल सांगावयास नको.

मात्र पायऱ्या ठरवून दिल्या म्हणून विद्या आपोआप पसरत नाहीं. या शस्त्रक्रियेंत बोटांचा स्पर्श नाहीसा होतो. खोली नसलेल्या सपाट पडद्यावर दृष्टि ठेवावी लागते. आणि पोटाच्या भिंतीशीं टेकलेलें हत्यार तरफेप्रमाणें चालत असल्यामुळें हात डावीकडे नेला कीं टोंक उजवीकडे जातें. म्हणून नवशिक्यानें आधीं पेटींत टांके घालण्याचा सराव करावा, मग दुर्बीण धरावी, मग सोपा भाग करावा, असा क्रम असतो. देशांतून व परदेशांतून शल्यचिकित्सक पुण्यास शिकावयास आले, ते याच क्रमासाठीं. गायकाच्या शागिर्दीसारखेंच हें आहे. पुस्तकावरून गळा तयार होत नाहीं.

१८ मे २०१७ रोजीं याच संस्थेंत भारतांतील पहिलें गर्भाशयरोपण झालें. आईचें गर्भाशय दुर्बिणीच्या साह्यानें काढून मुलीस बसविण्यांत आलें. पुढें १८ ऑक्टोबर २०१८ रोजीं अशाच दुसऱ्या एका स्त्रीस कन्या झाली. आजीच्या ज्या गर्भाशयांत आई वाढली, त्यांतच नात वाढली. सर्वत्र वाहवा झाली.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेस निराळी वार्ता आली. अनेक देशांतील ६३१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत विभागणी करून घेतलेल्या परीक्षेचा निष्कर्ष अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर रोग न उलटलेल्या स्त्रियांचें प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेंत शेंकडा ९६.५, तर लहान छिद्रांच्या शस्त्रक्रियेंत शेंकडा ८६ भरलें. गर्भाशय हलविण्याचें उपकरण, पोटांत भरलेला वायु, योनिमार्ग आंतून उघडल्यावर रोगपेशी सांडण्याचा संभव, अशीं कारणें तज्ज्ञांनीं सुचविलीं. ही परीक्षा एकट्या पुण्याच्या पद्धतीची नव्हती. तथापि तिचा प्रश्न त्या पद्धतीलाहि चुकविण्यासारखा नव्हता. या एका रोगापुरता उघड्या शस्त्रक्रियेचा मार्ग पुन्हां मुख्य ठरला. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत मात्र अशाच परीक्षांतून दुर्बीण उतरली होती.

तेव्हां शिकवणाऱ्यांपुढें नवा पेंच आला. वीस वर्षें छिद्रांतून काम केलेल्यांच्या शिष्यांनीं पोट उघडून वेर्टहाइमची शस्त्रक्रिया किती वेळां पाहिलेली असणार? दोन्ही हात शिकविल्याशिवाय आतां गत्यंतर नाहीं. शिवाय शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा तो रोग लवकर कळला तरच. उशिरां आलेल्या रोग्यास किरणोपचाराचाच आधार असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें दीड लक्ष स्त्रियांवर केलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं केलेल्या तपासणीनें मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. ती तपासणी कांहीं आठवड्यांच्या शिक्षणानंतर डॉक्टर नसलेल्या स्त्रियांनीं केली होती, आणि तिला दुर्बीण लागली नव्हती.