एक रुपयाच्या नोटेवरचा सागर सम्राट



आज मी समुद्रातल्या तेलाबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपण डोंगरातल्या बाया, आपल्याला नागली, वरई आणि मोहाचं तेल माहीत. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची एक मागणी आली, आणि त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

गटात कर्ज कशाला मागतात ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बियाणं, शेळी, दवाखाना, घराचे पत्रे, लग्न. या ताईने कारण सांगितलं, "मुलाला रिगवर नोकरी लागते आहे." रक्कम चाळीस हजार. ती एजंटला द्यायची. मुलगा दहावी पास, आयटीआयचं एक वर्ष करून सोडलेला. एजंट म्हणाला होता, मोठ्या तेल कंपनीत काम, खाणं-राहणं फुकट, पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस सुट्टी.

रिग म्हणजे काय, हे गटात एकीलाही सांगता येईना. मलाही नाही. मी बीए केलं ते इतिहास घेऊन. त्यात फ्रेंच राज्यक्रांती होती, तेल कुठेच नव्हतं. मग मी वाचलं, चार जाणत्या माणसांना विचारलं. ते आज सांगते.

आधी घरात एक रुपयाची कागदी नोट असेल तर शोधा. आहेराच्या पाकिटात घालायला जपून ठेवलेली असते बघा. तिची मागची बाजू पाहा. पाण्यात उभं असलेलं एक लोखंडी धूड दिसेल. ती रिग. तिचं नाव 'सागर सम्राट'. म्हणजे आपण इतकी वर्षं लग्नाच्या आहेरात तेलाची विहीर खोदायचं यंत्र देत आलो, आणि कोणाला पत्ता नाही.

सागर सम्राट १९७३ साली जपानमध्ये मित्सुबिशीच्या कारखान्यात तयार झालं. ते पाण्यावर तरंगत नेता येतं, आणि जागेवर पोचलं की लांब पाय खाली सोडून समुद्राच्या तळावर उभं राहतं. आपली माळ्याची झोपडी असते ना शेतात राखणीला, तशी. फक्त हिचे खांब वर-खाली होतात.

देशाला तिची गरज का पडली? आसामात दिग्बोईला इंग्रजांच्या काळापासून तेल निघत होतं, पण ते देशाला पुरणारं नव्हतं. १९५६ साली सरकारने तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन केला, ज्याला आपण ओएनजीसी म्हणतो. केशवदेव मालवीय नावाचे मंत्री त्यामागे होते. गुजरातेत तेल सापडलं. साठच्या दशकात सोव्हिएत रशियाच्या जहाजाने आपल्या पश्चिमेच्या समुद्राची पाहणी केली आणि मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली खडकाचा मोठा उंचवटा असल्याचं दिसलं. त्या उंचवट्यावरूनच 'बॉम्बे हाय' हे नाव पडलं. १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल आवळलं आणि काही महिन्यांत जगात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नेमकं त्यानंतर, फेब्रुवारी १९७४ मध्ये, सागर सम्राटने बॉम्बे हायला तेल शोधलं. २१ मे १९७६ ला तिथून उत्पादन सुरू झालं.

जव्हारच्या सनसेट पॉइंटवर उभं राहिलं की सूर्य जिकडे बुडतो, साधारण त्याच अंगाला, समुद्रात खूप आत, हे सगळं चाललं होतं. पुढे समुद्राच्या तळावरून नळ टाकून तेल आणि गॅस उरणला आणला. उरणच्या कारखान्यात स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढतात. आपल्या घरातल्या सिलिंडरमध्ये त्यातलाच गॅस असेल असं नाही, पण असू शकतो. (सिलिंडर रिकामा होऊन कोपऱ्यात उभा आहे आणि आपण चुलीवरच रांधतो आहोत, ती गोष्ट वेगळी. त्यावर एकदा स्वतंत्र बोलू.)

आता मुद्द्याची गोष्ट. मला वाटायचं, विहीर ओएनजीसीची म्हणजे तिथला प्रत्येक माणूस ओएनजीसीचा. तसं नसतं. तेलाचा धंदा दोन भागांत वाटला गेला आहे. एक, विहिरीचा मालक. दुसरा, विहिरीची सेवा करणारा. खोदणारा वेगळा, विहिरीला आतून सिमेंट लावणारा वेगळा, पाण्याखाली जाऊन जोडकाम करणारा वेगळा. रंगकाम, वेल्डिंग, जेवण, कपडे धुणं, सामान नेणारी बोट, माणसं नेणारं हेलिकॉप्टर, सगळं वेगवेगळ्या कंपन्यांकडे. हेलिकॉप्टरसाठी तर सरकारने १९८५ साली पवनहंस नावाची कंपनी काढली, ती मुख्यतः समुद्रातल्या तेलाच्या कामासाठीच.

ही पद्धत अमेरिकेतून आली. १९१९ साली ओक्लाहोमात अर्ल हॅलिबर्टन नावाच्या माणसाने उसनी गाडी, उसनी खेचरं आणि उसना पंप घेऊन लोकांच्या तेलविहिरींना सिमेंट लावून द्यायचा धंदा सुरू केला. भांडवलासाठी बायको व्हिडाची लग्नातली अंगठी गहाण ठेवली होती, असं सांगतात. आज हॅलिबर्टन ही जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलसेवा कंपन्यांपैकी एक आहे. धंद्याच्या इतिहासात अर्लचं नाव मोठं, अंगठीचं एक वाक्य. आपल्या गटातल्या किती जणींच्या पोतीवर नवऱ्याचा टेम्पो उभा आहे, ते मला नावानिशी ठाऊक आहे.

तर या सेवा कंपन्या पुढे आपली कामं आणखी छोट्या ठेकेदारांना देतात, ते ठेकेदार मुकादमाकडून माणसं घेतात. ही साखळी आपल्याला नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की आपली माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात ती याच साखळीने. फरक एकच, आणि तो मला फार बोचला. भट्टीवाला शेठ आधी उचल देतो आणि त्या उचलीत आपल्याला बांधतो. इथे उलटं. इथे पोरगा कामाला लागावा म्हणून आपणच उचल द्यायची, तीही गटाच्या पैशातून.

आपल्या बोहाड्यात मुखवटा देवाचा असतो, आत नाचणारा आपल्याच पाड्यातला असतो. तसंच, एजंट नाव सांगतो मोठ्या कंपनीचं, आत कोण नाचतोय ते मुखवटा काढल्याशिवाय कळत नाही. आणि संकट आलं की आतल्या माणसाचं नाव लागतं.

संकटं आली आहेत. २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, बॉम्बे हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. कारण ऐका. जवळ असलेल्या एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली गेली होती. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर देताना खवळलेल्या समुद्रात जहाज आदळलं, गॅसचा नळ फुटला आणि भडका उडाला. ३६२ माणसं वाचली, २२ गेली. मला त्या आचाऱ्याचा विचार येतो. खोल समुद्रात सुरीने बोट कापणं ही साधी गोष्ट राहत नाही.

दुसरं संकट आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. आपल्याकडे घरांची कौलं उडाली, आंबे झडले. तेव्हा तेलाच्या कामावरचे शेकडो कामगार समुद्रात बार्जवर होते. बार्ज म्हणजे सपाट तळाचं मोठं जहाज, ज्याला बहुतेक वेळा स्वतःचं इंजिन नसतं. कामगारांना राहायला ते वापरतात. अशी एक बार्ज, 'गॅल कन्स्ट्रक्टर', भरकटत पालघर तालुक्यात वडराईच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतली. तिच्यावरच्या १३७ जणांना वाचवलं. दुसरी बार्ज, 'पी-३०५', १७ मेला बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. 'वरप्रदा' नावाच्या टगबोटीवर आणखी १३ होती. नौदलाने रात्रभर पाण्यातून माणसं वेचली, तरी दोन्ही मिळून ८६ जण गेले. काही प्रेतं ओळखू येईनात म्हणून नातेवाइकांच्या रक्ताची तपासणी करावी लागली. त्यात वेल्डर होते, फिटर होते, रंगारी होते. ठेकेदारांची माणसं, देशभरातल्या खेड्यांतली.

हे ऐकून "नकोच ते काम" असं तुम्ही म्हणाल, तर मी तसं म्हणत नाही. भट्टीवरही माणसं मरतात आणि त्याची बातमीही होत नाही. तेलाच्या कामात पगार चांगला आहे, हुन्नर शिकायला मिळतो. पण त्याला रीतसर दार आहे. १९६१ सालापासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. ओएनजीसी मुंबई आणि उरणसाठीही आयटीआयच्या मुलामुलींना शिकाऊ म्हणून घेते. अर्ज सरकारी संकेतस्थळावर, एजंट नाही, पैसे नाहीत. ती कायमची नोकरी नव्हे, पण त्या कागदाला किंमत आहे. त्यासाठी आयटीआय पुरं केलेलं लागतं. एक वर्ष करून सोडलेलं चालत नाही. समुद्रात जायचं तर डॉक्टरी तपासणी आणि पाण्यात जीव वाचवायचं प्रशिक्षण लागतं. बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं यायचं, हेसुद्धा शिकवतात. जो एजंट यातलं काहीच मागत नाही, फक्त चाळीस हजार मागतो, तो मुलाला कुठे नेतो आहे ते ओळखा.

आणि ठेकेदाराकडे लागायचंच तर नेमणुकीच्या कागदावर नाव कोणाचं, पीएफ नंबर काय, विमा कोणाचा, हे आधी पाहायचं. १९७० साली ठेका कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा, असं त्यात होतं. आता ते कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले, पण ही जबाबदारी राहिली आहे. मात्र कागदच नसेल तर कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहणार?

एक गोष्ट राहिली. बैठकीत त्या ताईची मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने विचारलं, "तिथे बाया नसतात का?" बरोबर प्रश्न होता. १९५२ च्या खाण कायद्याने तेलविहिरीलाही खाणच धरलं. त्या कायद्यात बायकांना खाणीच्या आत बंदी, आणि वर काम करायचं तर सकाळी सहा ते संध्याकाळी सात. रात्र नाही. तेलाचं काम तर रात्रंदिवस चालतं, आणि समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करत चौदा दिवस तिथेच राहायचं असतं. मग हे काम पुरुषांचंच, असं धरून चालले. रात्री एकटीने भात झोडणाऱ्या बाईला हा कायदा कोणी वाचून दाखवला असता तर ती काय म्हणाली असती? २०१९ साली रात्रीची बंदी काही अटींवर उठली: बाईची लेखी संमती हवी, आणि रात्री एकटी नाही, निदान तिघी तरी बरोबर हव्यात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत तर बाईला सगळ्या प्रकारच्या कामाला घेता येतं, रात्रपाळीला तिची संमती लागते.

आमच्या बैठकीत त्या दिवशी खूप वाद झाला. शेवटी ठरलं की एजंटाने ठेकेदाराच्या नावाचा कागद आणावा, मग कर्ज. कागद आला नाही. ती ताई माझ्यावर अजून रागावलेली आहे, कारण शेजारच्या पाड्यातला एक मुलगा त्याच एजंटाकडून गेला आणि दोन महिने पैसे पाठवतोय. तो नेमका कुठल्या बोटीवर आहे, हे त्याच्या आईला सांगता येत नाही. मी तिला म्हटलंय, फोन आला की आधी बोटीचं नाव विचार आणि भिंतीवर लिहून ठेव.

मुलीने आयटीआयला वेल्डरचा अर्ज भरायचा म्हणते आहे. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली आहे, ती दुरुस्त करायला आम्ही सोमवारी शाळेत जाणार आहोत.