वालाचा दाणा आणि पाचक गोळी

जेवण अंगावर आले की जरीपटक्याच्या बाजारातून आपण पाचक वितंचकांची, म्हणजे एंझाइमांची, गोळी आणतो. पण आपल्या ताटातलाच एखादा दाणा या वितंचकांना अडवून धरतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो शोध घेणाऱ्यांत कमला सोहोनी होत्या.

पूर्वाश्रमीच्या त्या भागवत. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत रामन यांनी (हेच रामन पूर्वी हिशेबखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरास होते!) केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, रामन यांना दार उघडावे लागले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

पुढे मुंबईस, १९५५ च्या सुमारास, वालाच्या, म्हणजे आपल्या पोपटीच्या, दाण्यांतून त्यांनी सहकाऱ्यासह एक द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन प्रथिने पचविते. हे द्रव्य नेमके त्यालाच जखडते. दाणे नीट शिजले की त्याचा जोर बहुतांशी मोडतो. कच्चट उसळ बाधते असे आजी सांगे, ते आम्हांस उगीच वाटत नाही.

मग गोळीचे काय? ज्याचे स्वादुपिंडच दुबळे झाले, त्यास ती जेवणाबरोबर घ्यावीच लागते. जठरातील आम्लाने नासू नये म्हणून तिच्यावर बहुधा लेपही असतो. निरोगी शरीर ही द्रव्ये स्वतःच बनविते. नित्याच्या अपचनाचे मूळ मात्र पुष्कळदा वेगळेच निघते, आणि ते दुकानदारास दिसत नाही.