हवेली, हॉटेल आणि मातीचा टेकडा : मार्लबरो येथील एका स्थळाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात केनेट नदीच्या काठी मार्लबरो हे गाव वसलेले आहे. तेथील मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीचा मातीचा टेकडा असून त्याच्या सान्निध्यात एक जुनी हवेली आहे. ही हवेली इ.स. १७५१ ते १८४३ या काळात ‘कॅसल इन’ या नावाने हॉटेल म्हणून प्रसिद्ध होती. किल्ला, हवेली व हॉटेल यांविषयी लिखित साधने पुष्कळ आहेत. परंतु टेकड्याच्या उत्पत्तीविषयी ती मौन बाळगतात. एखाद्या वास्तूच्या वापराचा पुरावा हा तिच्या निर्मितीचा पुरावा मानता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किल्ला ते हवेली :
नॉर्मन विजयानंतर, ११व्या शतकात, या टेकड्याचा उपयोग किल्ल्यासाठी करण्यात आला. पुढे हा किल्ला राजनिवास बनला. तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १२६७ मध्ये, येथेच ‘स्टॅट्यूट ऑफ मार्लबरो’ हा कायदा संमत झाला. त्यातील काही कलमे आजही अंमलात आहेत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात किल्ला ओस पडला व कालांतराने ही जागा सीमूर या सरदार घराण्याकडे आली. या घराण्याने येथे हवेली बांधली. १७व्या शतकात टेकड्याभोवती माथ्यापर्यंत जाणारी नागमोडी वाट खोदण्यात आली, तर १८व्या शतकाच्या पूर्वार्धात हर्टफर्डची काउंटेस फ्रान्सिस हिने पायथ्याशी शोभेची गुहा करविली. कवी जेम्स थॉमसन याने ‘स्प्रिंग’ (१७२८) हे काव्य याच काउंटेसला अर्पण केले होते. राजसत्तेचे प्रतीक असलेला टेकडा अशा रीतीने उद्यानाचा अलंकार बनला.

हॉटेलचा काळ :
१७५० मध्ये काउंटेसचे पती निवर्तले आणि पुढच्याच वर्षी हवेलीत हॉटेल सुरू झाले. लंडनहून बाथला जाणारा हमरस्ता मार्लबरोवरून जात असे. बाथ येथील औषधी झऱ्यांसाठी जाणारे श्रीमंत प्रवासी व आजारी मंडळी हा या हॉटेलचा मुख्य आधार होता.

फेब्रुवारी १७६७ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट, अर्ल ऑफ चॅटम, बाथहून लंडनला परतत असताना संधिवाताने जर्जर होऊन येथेच अडकून पडला. हॉटेलच्या सर्व नोकरांना त्याने आपल्या घराण्याचा गणवेश घालावयास लावला, अशी आख्यायिका आहे. या मुक्कामाचा भारताच्या इतिहासाशी अप्रत्यक्ष संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली होती. त्या महसुलावर ब्रिटिश राज्याचा हक्क किती, याची संसदेत चौकशी व्हावी असा चॅटमचा आग्रह होता. परंतु ऐन चर्चेच्या काळात तो आजारामुळे दूर राहिला, मंत्रिमंडळात मतभेद वाढले आणि त्याच वर्षी कंपनीने दरसाल चार लाख पौंड देण्याच्या तडजोडीवर प्रकरण तात्पुरते मिटले. हक्काचा मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

१८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला. तो मार्लबरोला वगळून स्विंडनमार्गे गेल्याने घोडागाड्यांची वाहतूक आटली व हॉटेल बंद पडले. १८४३ मध्ये मुख्यतः धर्मोपदेशकांच्या मुलांसाठी येथे शाळा स्थापन झाली. शाळेने टेकड्याच्या माथ्यावर पाण्याची टाकीही बांधली.

टेकड्याचे वय :
किल्ल्याची कागदपत्रे उपलब्ध असल्याने टेकडाही नॉर्मनांनीच रचला असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र येथून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या सिल्बरी हिल या प्रचंड मानवनिर्मित टेकडीशी त्याचे साम्य अभ्यासकांना खुणावत होते. १९१२ मध्ये टेकड्यात हरणांच्या शिंगांचे तुकडे सापडले. शिंगे ही प्रागैतिहासिक काळी खणण्याची अवजारे असल्याने शंका बळावली. अखेर २०१० मध्ये टेकड्यात उभी छिद्रे पाडून मातीचे नमुने काढण्यात आले. त्यांतील कोळशाच्या कार्बन-१४ कालमापनातून टेकड्याचा काळ इ.स.पूर्व सुमारे २४०० असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. म्हणजेच हा टेकडा सिल्बरी हिलचा समकालीन असून नॉर्मनांच्या आगमनापूर्वी सुमारे साडेतीन हजार वर्षे तो तेथे उभा होता.

निष्कर्ष :
प्रत्येक पिढीने या टेकड्याला नवे काम दिले. त्यामुळे त्याची झीज झाली, तसेच त्याचे मूळ रूपही झाकले गेले. परंतु उपयोग होता म्हणूनच तो सपाट करण्यात आला नाही, असेही म्हणता येते. कागदपत्रे वापरणाऱ्यांची नावे जपतात, रचणाऱ्यांची नाही. ज्या श्रमिकांनी शिंगांच्या अवजारांनी ही माती उपसली, त्यांच्याविषयी एकही ओळ लिहिली गेली नाही. त्यांची साक्ष मूठभर कोळशाने दिली. म्हणून लिखित साधनांच्या विपुलतेवरून वास्तूचे वय ठरविणे इतिहासलेखनात धोक्याचे ठरते. जेथे कागद संपतो तेथे इतिहास संपत नाही, हेच या स्थळाच्या अभ्यासातून स्पष्ट होते.