पेंद्या : प्रक्षेप की निर्मिती?

भागवताच्या दशम स्कंधात श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण हे कृष्णसखे येतात. पेंद्या मात्र तेथे नाही. तो मराठी भक्तमनाने त्या कथेत आणलेला सवंगडी होय. सोलापूर जिल्ह्यातील नाझरे गावच्या श्रीधरांनी पंढरपुरी शके १६२४ (इ. स. १७०२) मध्ये रचिलेल्या ‘हरिविजया’त तो आढळतो. तमाशाच्या गौळणीत त्याचे सोंग उभे राहिले. तेथेच पुरुषाने वठविलेली मावशीही त्याच्या जोडीला आली. आजचे चाहते आवडत्या कथाविश्वात स्वनिर्मित पात्रे घालतात व त्यांचा वेष धारण करतात. ही प्रवृत्ती म्हणूनच सर्वस्वी नवी नव्हे. संहिताचिकित्सक पेंद्याला प्रक्षेप मानून वगळील. इतिहासकाराला तसे करता येणार नाही. कारण देवाशी बरोबरीने बोलणारा हा गडी मूळ कथेविषयी थोडे, परंतु ती ऐकणाऱ्यांविषयी पुष्कळ सांगतो.