ओळखीचा घास

उंदीर मारण्याचे उपाय माणसाने पुष्कळ शोधले. परंतु उंदीर कोणते अन्न का पत्करतो, याचा पद्धतशीर विचार फार उशिरा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला धान्याचा दाणा न् दाणा मोलाचा झाला, तेव्हा ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन यांच्या संशोधन केंद्राने हे काम अंगावर घेतले. नव्या अन्नाला उंदीर आधी जेमतेम तोंड लावतो. त्यात विष असून तो वाचला, तर पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून आधी काही दिवस साधे आमिष ठेवायचे आणि ओळख पटली की त्यात विष कालवायचे, अशी पद्धत बसली. ओळखच उंदराच्या गळ्याचा फास झाली.

ह्या स्वभावाचा उलगडा करणारे जॉन गार्सिया हे स्पेनहून कॅलिफोर्नियात आलेल्या शेतमजुरांचे चिरंजीव. नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांनी पाहिले की, किरणांच्या खोलीत उंदीर पाणी टाळतात. आपल्या पिंजऱ्यात मात्र पितात. खोलीतील बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या, पिंजऱ्यातील काचेच्या. उंदरांनी आजाराचा दोष प्लॅस्टिकच्या चवीला दिला होता. १९५५ साली सॅकरिनच्या पाण्यावर त्यांनी हे दाखवून दिले. पुढे १९६६ मध्ये कोलिंग यांच्यासह त्यांनी सिद्ध केले की, आजारी पडलेला उंदीर चव टाळतो, विजेचा झटका बसलेला उंदीर प्रकाश व आवाज टाळतो. कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी सारखीच जोडता येते, असे मानणाऱ्या पंडितांना हे पटेना. मोठ्या नियतकालिकांनी त्यांचे लेख परत पाठवले. गार्सियांना डॉक्टरेट मिळाली ती १९६५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

१९६७ मध्ये रेव्हस्की आणि बेडार्फ यांनी पुढचा दुवा जोडला. जुने आणि नवे अन्न दोन्ही खाऊन उंदीर आजारी पडला, तर ठपका नव्यावर येतो. कॅनडात बेनेट गेलेफ यांनी १९८३ साली दाखवले की, सोबत्याच्या तोंडाला ज्या अन्नाचा वास येतो, ते उंदराला आवडू लागते. मग तो सोबती आजारी का असेना!

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हे ओळखीचे वाटते. कारखान्यात काही बिघडले की बोट नव्या माणसाकडे वळते. जुन्या यंत्राचा पट्टा कोणी तपासत नाही. उंदराला जगायला ही रीत बहुधा पुरते. परंतु आमिष ठेवणाऱ्याला ती ठाऊक झाली, की तीच जिवावर बेतते. म्हणून जुना घासही अधूनमधून तपासावा, हे आम्ही त्याच्याकडून शिकावे.